अण्णांच्या गाण्यांची वायर

अर्धांगाचा झटका आला तेव्हा अण्णांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मागं एकच शब्द राहिला. बावळट.

पाणी हवं असलं तरी बावळट, कूस बदलायची असली तरी बावळट, पंखा कमी करा म्हणायचं असलं तरी बावळट. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की माणूस जे शब्द विचार न करता वर्षानुवर्षं बोलतो, ते कधीकधी असे वाचतात. कुणाच्या तोंडी देवाचं नाव राहतं, कुणाच्या तोंडी शिवी.

"हा शब्द त्यांच्या फार वापरातला होता का?" त्यांनी आईला विचारलं.

"व्हय," आई म्हणाली. "माझं नावच होतं ते."

डॉक्टर हसले. आई हसली नाही.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, पण गावात त्यांची ओळख गाण्याचा दर्दी म्हणून. तरुणपणी ते आपला टेपरेकॉर्डर घेऊन मैफलींना जायचे, पुढं बसून सगळं उतरवून घ्यायचे. ख्याल, नाट्यपदं, गझल, उरुसातल्या कव्वाल्या, काय नव्हतं त्यांच्याकडं. सिडकोतल्या आमच्या घरी रविवारी पाच-सहा मंडळी ऐकायला जमायची. अण्णा मधोमध बसायचे, हात वर करून सगळ्यांना थांबवायचे, आणि गाण्यातली एखादी सुरेख जागा आली की डोळे मिटून मान हलवायचे. त्या वेळी आतून भांड्याचा आवाज आला तरी त्यांचा चेहरा बदलायचा. म्हणून आई चहाच्या कपांखाली बश्या ठेवत नसे.

आई वैजापूरकडची. तिथल्या कांद्याच्या बाजारावरून अण्णा तिला पाहुण्यांसमोर बोलायचे, "गोणी बघून घेतली, आत काय निघालं ते तुम्ही बघताच आहात." लग्नानंतर पहिल्या एक-दोन वर्षांत त्यांनी तिला पाहुण्यांसमोर गायला लावलं होतं. ती लाजली, मग खरंच गायली. माहेरी हळदीला म्हणतात ते गाणं. आई बेसूर होती, आहे, हे मी तिची मुलगी असूनही सांगते. पट्टी धरायची, सोडायची, पुन्हा दुसरीच धरायची. अण्णांनी ते टेप केलं आणि पुढं किती तरी वर्षं रविवारची बैठक संपताना लावलं. "आता जरा तोंडाची चव बदलू," असं म्हणून. मंडळी पोट धरून हसायची. आई तेव्हा रिकामे कप उचलत असायची. ती कप उचलायची थांबायची नाही, एवढं मला लहानपणचं नीट आठवतं.

मी चितेगावच्या एका कंपनीत कॉम्प्युटर आणि नेटवर्कचं काम बघते. अण्णा धडधाकट होते तेव्हा त्यांच्या कॅसेटना बुरशी धरायला लागली, म्हणून मी त्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. सुटीच्या दिवशी मी त्यांच्याकडं जायचे, ते शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि माझ्या चुका काढायचे. "इंजिनियर म्हणवता आणि साधी खरखर काढता येत नाही." पण एखादी जुनी मैफल लागली की माझ्या मनगटावर बोट ठेवून म्हणायचे, "थांब, आता बघ काय करतोय तो." तेवढ्यासाठी मी जायचे. दुसऱ्या कुठल्याच गोष्टीसाठी त्यांनी माझ्या हाताला कधी हात लावला नव्हता.

आईची ती टेप हाती आली तेव्हा ते म्हणाले, "ही पण घे. दुर्मिळ आहे."

मी म्हटलं, "खराब झालीय, अण्णा. वाजत नाही."

"टेपलासुद्धा सोसलं नाही," ते म्हणाले आणि खूश झाले.

मग मी एका जुन्या, लहानशा कॉम्प्युटरवर सगळं भरलं आणि तो हॉलमध्ये राउटरशेजारी फळीवर ठेवला. हा घरचा सर्व्हर. तो कायम चालू राहायचा. अण्णांच्या खोलीतल्या स्पीकरवर त्यातलं काहीही वाजवता यायचं, आणि पुण्यात माझ्या भावालाही त्याच्या फोनवर तेच सगळं ऐकता यायचं. आईला मी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, की ह्या डब्याचं बटन कधी धाडकन बंद करायचं नाही, आतली गाणी खराब होतील.

"नाय बाई, मी कशाला हात लावते," ती म्हणाली होती.

अण्णा अंथरुणाला खिळल्यावर ह्या सर्व्हरचा फार आधार झाला. मी अशी सोय केली होती, की सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्पीकरवर मंद आवाजात काही ना काही चालू राहील. सकाळी सकाळचे राग, दुपारी दुपारचे. त्यांना वाचता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, टीव्ही त्यांना आधीपासूनच आवडत नव्हता. गाणं लागलं की डावा हात चादरीवर हलायचा. बाकीचं सगळं आई करायची. भरवणं, पुसणं, लंगोट बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळानं कुशीवर वळवणं. बाई ठेवू म्हटलं तर तिनं ठेवू दिली नाही.

काही महिने बरे गेले. मग सर्व्हर बंद पडायला लागला.

पहिली तक्रार भावाची आली. तो दुपारी ऑफिसात काम करताना कानाला लावून ऐकायचा. "तुझा सर्व्हर डाऊन आहे," त्याचा मेसेज. तासाभरानं आपोआप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "व्हय गं, मधीच थांबतंय. ह्यांची लई चिडचिड होतीय."

मी संध्याकाळी जाऊन बघितलं. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो. लाइट जाऊन आली की तो कधीकधी दुसराच नंबर देतो, आणि मग स्पीकर जुन्या नंबरावर हाका मारत बसतो. तसंच झालं असेल म्हणून मी सर्व्हरचा नंबर कायमचा पक्का करून टाकला. राउटर इन्व्हर्टरवर घेतला. आईनं चहा केला.

दोन दिवसांनी पुन्हा बंद. ह्या वेळी मी सर्व्हरपासून राउटरपर्यंतची वायर बदलली. टोकाची प्लास्टिकची क्लिप तुटकी वाटत होती. नवी वायर कापून तिची दोन्ही टोकं मी स्वतः बसवली. आई टॉर्च धरून उभी होती.

"सापडलं का?" तिनं विचारलं.

"हेच असणार."

"बघ बाई. लई बुद्धी लागत आसल नाय ह्याला."

पुन्हा बंद. मी वायर राउटरच्या दुसऱ्या भोकात घातली. मग राउटरच बदलला. इंटरनेटवाल्याचा माणूस बोलावला. त्यानं बाहेरची तार तपासली, सगळं बरोबर आहे म्हणाला आणि गेला. भाऊ आता मेसेजऐवजी फोन करायला लागला होता. "तू हेच काम करतेस ना कंपनीत? तिथंही असंच चालतं का?" त्याचा स्वर ऐकून मला अण्णांचाच भास झाला. मी म्हटलं, तू येऊन बघ. त्याला वेळ नव्हता.

सगळ्यात वाईट म्हणजे अण्णा. मी खोलीत गेले की ते मान भिंतीकडं फिरवायचे. मी हात धरला तर डाव्या हातानं झटकून टाकायचे. "बावळट," म्हणायचे. हा शब्द ते सगळ्यालाच वापरायचे, पण मला तो मला उद्देशूनच आहे असं वाटायचं. आजारी माणूस आहे, अशी मी मनाची समजूत घालायचे. परत जाताना गाडीत मला रडू यायचं.

एके दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या मी घरच्या सर्व्हरमध्ये डोकावले. तो नुकताच पुन्हा सुरू झाला होता. मला सहज बघावंसं वाटलं, की हा डबा शेवटचा बंद कधी झाला होता. तो बंद झालाच नव्हता. कित्येक आठवडे अखंड चालू होता. म्हणजे लाइट जात नव्हती, डबा बिघडत नव्हता. तो जागाच होता, फक्त राउटरशी त्याचं बोलणं तुटत होतं. आणि ती वायर तर मी नवी टाकली होती.

मग मी ते तुटण्याची वेळ बघितली. रोज जेवणानंतरची, आईची भांडी आवरून झाली की.

त्या आठवड्यात कंपनीत दुरुस्तीसाठी उत्पादनाची लाइन बंद होती, दुपारीच सुटी झाली. मी पैठण रोडनं थेट सिडकोत गेले. फोन केला नाही. फाटक ढकलून आत आले तर खिडकीतून गाण्याचा आवाज येत होता. क्षणभर वाटलं स्पीकर चालू आहे. मग पट्टी सुटली आणि मला कळलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. हॉलमध्ये सर्व्हरचा हिरवा दिवा चालू होता. त्याची वायर काढून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती, क्लिपला धक्का लागणार नाही अशी, नीट गोल करून.

मी खोलीच्या दारात उभी राहिले. अण्णांच्या कॉटचं डोकं वर केलेलं होतं. आई प्लास्टिकची खुर्ची त्यांच्या उशाशी घेऊन बसली होती आणि हळदीचं गाणं म्हणत होती. पदर खोचलेला, हात मांडीवर, मोकळ्या गळ्यानं. अण्णांनी डाव्या हातानं डावा कान दाबून धरला होता. उजवा हात निर्जीव पडला होता, त्यामुळे उजवा कान त्यांना झाकता येत नव्हता. आईनं खुर्ची त्याच बाजूला घेतली होती.

कडवं संपलं. ती थोडी पुढं वाकली आणि अगदी अदबीनं म्हणाली, "दमलात का? अजून लई कडवी हायेत."

"बावळट," अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"व्हय," आई म्हणाली आणि पुढचं कडवं सुरू केलं.

मी "आई" म्हटलं. तिनं मागं बघितलं. दचकली नाही. कडवं अर्धवट सोडून उठली, खुर्ची भिंतीला लावली आणि माझ्या बाजूनं स्वयंपाकघरात गेली. मी हॉलमध्ये जाऊन वायर लावली. आत स्पीकरवर कुणाचा तरी आलाप सुरू झाला. मग मी तिच्या मागं गेले. ती चहाचं आधण ठेवत होती.

"हे रोज करतेस?"

"मग? तुला काय वाटलं, उंदीर करतात?"

"आई, त्यांना हलता येत नाही. त्यांना दुसरं काय आहे ऐकण्याशिवाय?"

"मला काय हाय?" तिनं साखरेचा डबा उघडला. "मारते का मी त्यांना? उपाशी ठिवते? पाठीला एक फोड दाखव. आज सकाळपासून चार येळा धुतलंय त्यांना ह्या हातांनी. दिवसभर त्यांची गाणी ऐकते, घरात वाजतात तर ऐकावीच लागतात. एक तास माझं ऐकलं तर मरतील का?"

मी वेगळंच विचारलं, "मग स्पीकर का नाही बंद केलास? वायर कशाला काढायची?"

ती पहिल्यांदा थोडी घुटमळली. मग सांगून टाकलं. "स्पीकर बंद केला की ते माझ्याकडं बघतात. वायर काढली की त्यांना वाटतं, यंत्र बिघडलं."

"म्हणजे?"

"मी सांगते त्यांना, तुमच्या लेकीनं केलेलं हाय, परत बंद पडलं. तिला काय जमंना." तिनं चहा गाळला, कप माझ्यापुढं सरकवला. "मग ते तुझ्यावर चिडतात. तेवढाच मला इसावा."

मी कपाला हात लावला नाही. इतके दिवस ते भिंतीकडं तोंड का फिरवत होते ते मला आता कळलं. टॉर्च धरून उभी असलेली आई मला आठवली. मी म्हणाले, "मी तुझं काय वाईट केलं होतं?"

"काय नाय," ती म्हणाली. "तू जवळ होतीस."

मी अण्णांच्या खोलीत गेले आणि त्यांना सांगायचा प्रयत्न केला. यंत्र चांगलं आहे, मी नाही बिघडवलं. हो म्हणायचं असलं की ते डोळे मिटून उघडायचे, अशी खूण आम्ही ठरवली होती. त्यांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडं टक लावून बघत राहिले आणि त्यांचा तो शब्द म्हणाले. त्यांना कळलं की नाही हे मला कधीच समजलं नाही.

त्यानंतर वायर निघायची थांबली नाही. मी काय करणार होते? दिवसभर कंपनी, स्वतःचं घर. आईला जास्त बोलावं तर ती म्हणायची, "तू ये न मग सांभाळायला. मी जाते वैजापूरला." भावाला मात्र मी सगळं सांगितलं, कारण त्यानं पुन्हा एकदा माझ्या कामाचा उद्धार केला आणि माझं डोकं फिरलं.

तो त्याच शनिवारी आला. येताना एक कॅमेरा घेऊन आला आणि अण्णांच्या खोलीत कपाटावर बसवला. त्यातून बघताही यायचं आणि बोलताही यायचं. आईला त्यानं काही विचारलं नाही. "अण्णांच्या सेफ्टीसाठी आहे," एवढंच म्हणाला.

मंगळवारी मला सुटी होती, दुपारी मी आईकडं होते. आईनं हॉलमध्ये जाऊन वायर काढली, खुर्ची घेतली, बसली. अजून तोंडही उघडलं नव्हतं तेवढ्यात कपाटावरून भावाचा आवाज आला.

"आई, वायर लाव."

अण्णांनी दचकून वर बघितलं. आईही क्षणभर बघत राहिली. मग तिनं मान वर करून, जणू माळ्यावर कुणी चढलंय त्याच्याशी बोलावं तसं विचारलं, "जेवलास का?"

"आई, मी मस्करी करत नाहीये. तू हे जे करतेस ना, ह्याला छळ म्हणतात. आजारी माणसाचा छळ."

"बरं. मग घिऊन जा त्यांना."

आईनं खुर्ची कपाटाकडं वळवली.

"आजच ये. मी कपडे भरून ठिवते. औषधं लिहून देते. लंगोट कसा बांधायचा ते बायकोला फोनवर सांगते."

"आई, आमचा अकराव्या मजल्यावरचा टू बीएचके आहे. आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. मुलीची दहावी आहे. तुला माहितीये."

"माहितीये," आई म्हणाली. "म्हणूनच म्हनलं." आणि तिनं कॅमेऱ्यावर अण्णांचा टॉवेल टाकला.

भाऊ पुन्हा आला, पण अण्णांना न्यायला नाही. त्याचं म्हणणं, एवढा मोठा संग्रह असा वायर ओढणाऱ्या माणसाच्या हाती ठेवणं धोक्याचं आहे. त्यानं सर्व्हरचा डबा काढला, बायकोच्या शालीत गुंडाळला आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. अण्णांना जाऊन म्हणाला, "अण्णा, मी नीट ठेवतो हे. तिकडून इकडं ऐकता येईल तुम्हाला. इंटरनेटवरून. काही फरक पडणार नाही." अण्णा "बावळट, बावळट, बावळट" असं मोठ्यानं म्हणत राहिले. भावानं त्यांच्या कपाळावर हात ठेवला, त्याला वाटलं ते भावुक झालेत. मी सांगितलं, "ते नको म्हणतायत." तो म्हणाला, "तुला सगळंच कळतं."

पुण्याहून गाणी आठवडाभर आली. मग अडखळायला लागली आणि एक दिवस थांबली. मी इकडून तपासलं, इकडं काही बिघाड नव्हता. त्याला फोन केला. तो म्हणाला राउटर नवीन घेतलाय, सेटिंग करायचं राहिलंय, शनिवारी करतो. मी त्याला काय काय करायचं ते पायरी पायरीनं लिहून पाठवलं. बरेच शनिवार गेले.

आता घरात गाणंच नव्हतं. आई पहिले काही दिवस नेमानं गायली. मग तिनं बंद केलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "आता काय गंमत नाय ऱ्हायली." वायर काढून तिनं थांबवावं असं काही उरलं नव्हतं.

पुढं एका दुपारी मी अण्णांच्या पायांना तेल चोळत होते. आई जमिनीवर वाटाणे सोलत बसली होती. भांडी आवरून झाली होती, तीच वेळ. अण्णा डाव्या हातानं कॉटच्या दांडीवर ठोकायला लागले. "बावळट," म्हणाले. मी पाणी दिलं, नको. कूस बदलली, नको. ते सारखे आईकडं बघत होते.

आई शेंग हातात धरून थांबली. "गाणं पायजे का?"

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

मी आईकडं बघितलं. मला वाटलं होतं ती विरघळेल. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्याकडं पहिल्यांदा काही तरी असं मागितलं होतं. तिनं शेंग मोडली, दाणे परातीत पाडले.

"नाय," ती म्हणाली. "आज घसा बसलाय."

उद्याही बसलेलाच होता, परवाही. ते ठोकत राहायचे. मग त्यांनीही सोडून दिलं.

मूळ रेकॉर्डिंगची एक डिस्क माझ्याकडं होती. तिच्यातलं बरंचसं मी एका कार्डावर घातलं आणि कार्ड लावता येईल असा छोटा स्पीकर आणून दिला. ह्याला ना राउटर लागत, ना वायर. आईनं तो घेतला, कपाटावर ठेवला. "वाजवीन की," म्हणाली. आणि वाजवायची. सकाळी फरशी पुसताना लावायची. पण मी एकदा तिथं असताना बघितलं. विलंबित ख्याल चालू होता, गवई समेकडं, तालाच्या पहिल्या ठोक्याकडं, चालला होता, अण्णांचा हात चादरीवरून वर उचलला गेला, तो आता खाली पडणार, तेवढ्यात आईनं बटन दाबलं. हात तसाच वर राहिला. ती बादली उचलून न्हाणीघरात गेली. मला वाटलं योगायोग असेल. पुढच्या चिजेला तिनं नेमकं तेच केलं. तिला एक सूर धड लावता येत नव्हता, पण चाळीस वर्षं ऐकून सम कुठं येते ते तिला पक्कं ठाऊक झालं होतं. अण्णांनी त्या बैठकांत जे शिकवलं नव्हतं ते ती कप उचलता उचलता शिकली होती.

मी स्पीकर परत नेला नाही. नेला असता तर तेवढंही राहिलं नसतं.

अण्णा उन्हाळ्यात गेले, सकाळी, आई त्यांचं अंग पुसत असताना. तिनं सांगितलं, उजवा पाय पुसला, डावा पुसायला घेतला आणि बघते तर श्वास नाही. पण पाय पूर्ण पुसून घेतला म्हणाली. अंघोळ घालायला बायका आल्या तेव्हा त्या आपसांत बोलत होत्या, की एवढे दिवस अंथरुणावर असून पाठ किती स्वच्छ, बाईनं सेवा केली हो. आईनं ते ऐकलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

भाऊ तेरा दिवस राहिला आणि गेला. मी इंटरनेट बंद करायचा अर्ज देणार होते, तर आई म्हणाली, "राहू दे की. मी बघते फोनवर." ती अण्णांच्या कॉटवर बसून रेसिपीचे व्हिडिओ बघते, आवाज मोठा करून.

एकदा मी तिला विचारलं, त्यांची आठवण येते का.

"येती न," ती म्हणाली. "आजारी होते तवा एकच शब्द होता, त्याची सवय झालती. आता आठवणीत येतात तर सगळंच बोलतात."

तिच्याकडं मेथीची जुडी होती, अर्धी तिनं माझ्यापुढं टाकली. आम्ही निवडत बसलो. तेवढ्यात भावाचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला. त्याचा आवाज पडलेला होता. पुण्यातला डबा सुरूच होत नाहीये, दुरुस्तीवाला म्हणतो आतलं सगळं गेलं. वर्षश्राद्धाला अण्णांच्या जुन्या मंडळींना बोलवून त्यांची रेकॉर्डिंग ऐकवायची त्याच्या मनात होतं.

"तुझ्याकडं काही कॉपी आहे का?"

आईनं मेथीवरची नजर न काढता सांगितलं, "नाय म्हण."

"आहे," मी म्हणाले. "ये आणि घेऊन जा."

"पाठवता नाही का येणार? नेटवरून?"

"नाही. यावं लागेल."

तो म्हणाला येतो. ही गोष्ट थंडीतली. अजून आलेला नाही.